आमच्या घरी सीडी आली

आमच्या घरात हळू कुणी बोलतच नसे. घर आणि गिरणी यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि इंजिन सुरू झालं की त्या भिंतीवरच्या देवाच्या तसबिरी सुद्धा थरथरत. देवळाली प्रवऱ्यापासून थोडं आत, कालव्याच्या कडेला आमची वाडी. वाडीत पिठाची गिरणी एकच, आणि ती आमची. सकाळी तात्या, म्हणजे माझे वडील, हँडल मारून इंजिन चालू करत. त्याच्या धुराड्याच्या तोंडाला त्यांनी पत्र्याचा एक डबा बसवला होता. त्यातून पुक पुक पुक असा आवाज पार कालव्यापलीकडे जाई, आणि तो ऐकून बाया डोक्यावर दळणाचे डबे घेऊन निघत. त्या आवाजात मी पाढे पाठ केले, त्याच आवाजात जेवले. 'आई, मीठ दे' एवढं साधं वाक्यही आमच्याकडे शेजारच्या गावाला निरोप धाडावा तसं म्हणावं लागे. इंजिन बंद झाल्यावरही आमचे आवाज खाली येत नसत, कारण तशी सवयच नव्हती. नवा पाहुणा आला की तो जरा वेळ दारातच उभा राही. त्याला वाटे, आपण भांडणाच्या ऐन मध्यात आलो.

तात्या दिवसभर पिठाने पांढरे होऊन गिरणीत उभे असत. एक हात पिठाच्या धारेखाली आणि दुसरा कायम वरच्या धान्याच्या पेटीवर टेकवलेला. मला वाटायचं, उभं राहून दमतात म्हणून टेकतात.

मी संगमनेरला कॉलेजला गेले तेव्हा हा आवाज बरोबर घेऊन गेले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, त्यामुळे तिथे काय काय घेऊन जायचं नसतं हे सांगायला कुणी नव्हतं. वसतिगृहातल्या पहिल्याच संध्याकाळी मी खोलीतल्या मुलीला 'तुझ्याकडे सुईदोरा आहे का' असं विचारलं आणि वरच्या मजल्यावरून रेक्टरबाई खाली आल्या, काय झालं ते बघायला. आठवड्याभरात माझं नाव भोंगा पडलं. मेसमध्ये मी भाजी मागितली की पलीकडच्या रांगेतली एखादी मुलगी कान झाकून घेई आणि बाकीच्या हसत. मी गरीब स्वभावाची, हसण्यात हसू मिळवायची आणि खोलीवर जाऊन उशीत तोंड घालून हळू बोलण्याचा सराव करायची. खरोखरच करायची. भौतिकशास्त्राच्या वहीतले नियम ओठातल्या ओठात, भिंतीपलीकडे जाणार नाहीत असे म्हणायचे. दुसऱ्या वर्षापर्यंत माझा आवाज इतका मऊ झाला की तोंडी परीक्षेत सरांनी मला तीनदा 'जरा मोठ्याने' असं सांगितलं. तो मी माझ्या शिक्षणाचा विजय मानला.

हा मऊ आवाज घेऊन मी सुट्टीत घरी आले आणि माझ्या ध्यानात एक गोष्ट आली, जिचा मला त्या काळात भलताच अभिमान वाटला. तात्या आता माझं सगळं ऐकत होते. लहानपणी प्रत्येक गोष्टीला 'कशाला?' विचारणारे तात्या आता मी काहीही म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघत आणि मान हलवून 'व्हय' म्हणत. मी म्हटलं, "तात्या, आम्हा मुलींची सहल जाणार आहे, मुक्कामाची, जाऊ का?" तात्या म्हणाले, "व्हय." आई चुलीपुढून ताडकन उठली. "आवो, पोरीला एकलीला धाडता?" त्यावर तात्यांनी तिला विचारलं, "कुटं?" मला वाटलं, तात्या आईची फिरकी घेतायत. मी मनातल्या मनात नोंद केली की शिक्षणामुळे माणसाच्या शब्दाला घरात वजन येतं. हा विचार मी पुढे एका निबंधस्पर्धेत मांडलाही, आणि मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

आता टेपबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे एक जुना टेपरेकॉर्डर होता, एकाच स्पीकरचा, झाकण तुटलेला. कॅसेटवर बोट दाबून धरल्याशिवाय सुरुवातीला तो चालत नसे. कॅसेटी दहा-बारा, सगळ्या तमाशातल्या वगांच्या आणि भजनांच्या, ज्यात ढोलकी किंवा पखवाज खणखणीत वाजतो अशा. हा टेप ओसरीच्या कोपऱ्यातल्या बाजरीच्या कोठीवर ठेवलेला असे. पत्र्याची गोल कोठी, माझ्या छातीइतकी उंच. संध्याकाळी गिरणी बंद झाली, हातपाय धुऊन झाले की तात्या पोतं अंथरून त्या कोठीला पाठ टेकवून बसत, टेप लावत आणि डोळे मिटून घेत. पखवाज सुरू झाला की कोठीचा पत्रा झर्रर्र करून कुरकुरे. ढोलकीला तर सगळी कोठी वाजे. त्यातून गाणाऱ्याचे शब्द कळणं अवघडच. गंमत म्हणजे हा प्रकार वर्षभर सारखा नसे. दिवाळीच्या सुमाराला नवी बाजरी भरली की कोठी मुकी व्हायची. मग जसजशी बाजरी खाली जाई तसतसा तिला कंठ फुटे, आणि उन्हाळ्यात तळ दिसू लागला की तिचा नुसता नगारा होई. तात्यांची बैठकही त्याच हिशोबाने लांबत जायची. आई म्हणायची, "लोकाच्या घरातला दाणा संपला का घोर लागतो. ह्यांला गानं सुचतं."

संगमनेरच्या वाचनालयात एक इंग्रजी मासिक यायचं, घरातल्या गाण्याच्या यंत्रांविषयीचं. मी ते शब्दकोश शेजारी ठेवून वाचत असे. त्यातलं एकही यंत्र मी पाहिलेलं नव्हतं, पण कुठलं घ्यावं आणि कुठलं घेऊ नये याविषयी माझी मतं पक्की होत चालली होती. त्यात लिहिलं होतं की स्पीकर कधीही पोकळ वस्तूवर ठेवू नये, ती वस्तू कंप पावते आणि मूळ आवाज बिघडवते. स्पीकर भक्कम जागी, कानाच्या उंचीला असावा. ऐकताना डोळे मिटावेत. दोन सुरांच्या मधली शांतता ऐकावी. मी हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांपुढे आमची कोठी उभी राहिली. अनुनादाचं प्रकरण मला नुकतंच शिकवलं होतं. आपल्या घरात विज्ञानाच्या इतक्या विरुद्ध काही चाललंय, आणि ते दुरुस्त करणारी मी या घरात आहे, या जाणिवेने मला अगदी भरून आलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आल्या आल्या टेपसाठी भिंतीवर फळी बसवायचं काम काढलं. फळी तात्यांनीच ठोकली. मी खाली उभी राहून जागा दाखवत होते. "थोडी खाली. नाही, कानाच्या उंचीला पाहिजे." तात्या प्रत्येक वेळी वळून माझ्या तोंडाकडे बघत, मग खिळा दुसरीकडे लावत. फळीवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, वर टेप ठेवला. टेपचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. मग मी भजनाची कॅसेट लावली आणि काय आवाज आला म्हणून सांगू. शब्द न् शब्द मोकळा. इतकी वर्षं ज्याला आम्ही 'हरी हरी' समजत होतो तिथे दुसरंच काहीतरी होतं. आई सुद्धा पीठ मळता मळता थांबली. "कळतंय की," म्हणाली. तात्या फळीखाली मांडी घालून बसले, डोळे मिटून, आणि मान हलवत राहिले.

दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी हातपाय धुऊन ते गिरणीच्या दाराशी फरशीवर जाऊन बसले, तिथे रोज गप्पांना येणारे आमचे शेजारी दगडूमामा तंबाखू मळत होते. चौथ्या दिवशी तेच. मी टेप लावून हाक मारली, "तात्या, या ना." त्यांनी तिथूनच हात हलवून 'ऐकतोय, चालू दे' अशी खूण केली. त्या सुट्टीत तात्या पुन्हा टेपपाशी बसले नाहीत. मी आईला समजावलं की कानाला वाईट आवाजाची सवय झाली की चांगला आवाज पचायला वेळ लागतो. आई म्हणाली, "आसंल बाई." पण भाकरी थापताना ती एकदा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मानूस दिसभर त्या दगडापशी उभा. संध्याकाळचं तेवढंच हुतं त्यांला." ते मला लागलं. मी जाताना माझ्या शिष्यवृत्तीतून त्यांच्यासाठी एक बासरीची कॅसेट आणून ठेवली. इतकी नाजूक बासरी मी आयुष्यात ऐकली नव्हती. तात्यांनी ती लावून पाहिली, "चांगली हाय," म्हणाले आणि कव्हरात घालून ठेवून दिली.

पुढच्या सत्रात केतकी नावाच्या मैत्रिणीने मला घरी जेवायला नेलं. तिचे वडील डॉक्टर होते आणि त्यांच्याकडे सीडी प्लेअर आला होता. बटण दाबलं की त्याने जीभ काढावी तसा खण आपोआप बाहेर आला. केतकीने सीडीची चकचकीत ताटली दोन बोटांच्या चिमटीत कडेने धरली, मऊ फडक्याने पुसली आणि त्या जिभेवर ठेवली. ताटलीत मला माझा चेहरा दिसला, सात रंगांचा. मग गाणं लागलं, मघाशी त्यांनी कॅसेटवर ऐकवलेलंच. सगळे माझ्याकडे बघत होते. "कळतोय फरक?" केतकीने विचारलं. मी डोळे मिटले, दोन सुरांच्या मधली शांतता शोधली, आणि डॉक्टरांच्या घरच्या कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली. "खूप," मी म्हटलं, "खूपच स्वच्छ." गाणं मला त्यांच्या कॅसेटवर ऐकलं तसंच वाटलं होतं. पण हे कबूल करणं म्हणजे आपण वाडीवरून आलोय हे कबूल करण्यासारखं होतं, म्हणून मी मान जरा जास्तच हलवली.

आता माझी मुलगी पुण्याहून फोन करते आणि विचारते, आई, तू भौतिकशास्त्र शिकवलंस आयुष्यभर, हा नवा स्पीकर घेऊ का, इंटरनेटवरून गाणी ओढतो, आवाज कॅसेटपेक्षा सीडीचा आणि सीडीपेक्षा ह्याचा कितीतरी चांगला आहे म्हणतात. मी तिला सांगते की अगं, या विषयात माझा सल्ला घेऊन आजवर फक्त एका घराने खरेदी केली आहे. ती कशी झाली तेच मी इथे लिहिते आहे.

केतकीकडून परत येताना माझ्या मनात हिशोब जुळला. तात्यांचं ऐकणं सुटलं ते टेपच्या खरखरीमुळे. फळीवर ठेवल्याने खरखर उघडी पडली. सीडीला खरखर नसते. तेव्हा घरात सीडी आली की तात्या पुन्हा डोळे मिटून बसतील. दिवाळीला घरी गेले तर योगायोगाने तात्यांनीच विषय काढला. गिरणीचा हंगाम बरा गेला होता, घरात एखादी वस्तू घ्यायची म्हणत होते. आईला छताचा पंखा हवा होता. तात्या म्हणाले, "मंगल सांगंल ते." मी सांगितलं. त्या दिवशी गिरणीत दळणाला आलेल्या प्रत्येक बाईला ते कळलं, म्हणजे वाडीला कळलं. दगडूमामांनी दारातून मला गाठलं.

"मंगल, ताटलीतनं गानं येतं म्हनं."

"हो मामा. प्रकाशाच्या किरणाने वाचतात ती."

"मग वाटीतनं काय येतं?"

बाया हसल्या. मी मात्र मनापासून त्यांना लेसरचा किरण समजावून सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आन् लाईट गेल्यावं?"

भाऊबीज झाल्यावर मी आणि तात्या सकाळच्या एस.टी.ने नगरला गेलो. तात्यांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता, तरी कानामागे पीठ होतंच. बाजारपेठेतल्या एका मोठ्या दुकानात मी त्यांना नेलं. दुकानदार पन्नाशीचा, सौम्य माणूस. मी मासिकातले शब्द वापरू लागले तसा तो जरा सावरून बसला. त्याने आधी चांगल्या डेकवर कॅसेट लावली, मग तेच गाणं सीडीवर लावायची तयारी केली. मी तात्यांना स्टुलावर दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसवलं, आणि हाताने खूण करून म्हटलं, "डोळे मिटा, तात्या. मग नीट कळतं." तात्यांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले, हात गुडघ्यांवर ठेवले. शाळेतल्या फोटोला बसलेल्या मुलासारखे दिसत होते. सीडी लागली. तात्यांची मान हलू लागली.

"बघा, काकांना पटलं," दुकानदार म्हणाला.

आणि लाईट गेली. सीडीवरचे हिरवे आकडे विझले, गाणं शब्दाच्या अर्ध्यातच तुटलं, डोक्यावरचा पंखा मंद होत होत थांबला. बाहेरून रस्त्यावरच्या रिक्षांचे हॉर्न तेवढे येत राहिले. आणि त्या दोन मुक्या स्पीकरच्या बरोबर मध्ये बसून तात्या मान हलवत राहिले. मघासारखीच, संथ, मध्येच एखाद्या जागेला दाद दिल्यासारखी.

दुकानदाराने हसायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मग तो उगाचच एका रेडिओवरची धूळ पुसू लागला. मी तिथेच उभी राहिले. मला हाक मारायची होती, पण कॉलेजात कमावलेल्या आवाजात हाक मारली असती तर ती पोचली नसती, हे त्या क्षणी मला उभ्या जागी कळलं. एवढंच नाही, मागचं सगळं एकामागून एक कळत गेलं. सहलीला मिळालेली परवानगी. माझ्या तोंडाकडे बघणं. माझ्या शब्दाला आलेलं वजन. उत्तेजनार्थ बक्षीस.

घाम आल्यावर तात्यांनी डोळे उघडले, पंख्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "लई साफ हाय," ते म्हणाले. "घेऊन टाकू."

"नको तात्या," मी म्हटलं, आणि पुन्हा, या वेळी वाडीतल्या आवाजात म्हटलं, "नको. आवाज बारीक आहे याचा." दुकानाबाहेरून जाणारा एक माणूस थांबून आत बघू लागला. दुकानदाराने मान डोलावली. "बरोबर आहे ताई," म्हणाला, "बारीकच आहे."

समोरच्या हॉटेलात आम्ही भजी आणि चहा मागवला. तात्या बशीत चहा ओतत होते. मी टेबलावर पुढे वाकले.

"तात्या, तुम्हाला ऐकू येतं ना?"

"येतं की. आत्ता तुझं आलं."

"मी ओरडले म्हणून आलं. टेपचं येतं का?"

तात्यांनी बशी फुंकली. "टेपचं पाठीला यायचं," ते म्हणाले. "कोठीला टेकून बसलं का ढोलकी पाठीत वाजायची. गिरनीत हाताला कळतं ना दगड कसा चाललाय ते, तसं. आता फळीवं गेल्यापसून येईना."

"मग सांगितलं का नाही?"

"तू शिकल्याली. म्हटलं, आसंल काय तरी कारन."

मी हातातलं भजं परत प्लेटमध्ये ठेवलं. ते बघून तात्यांनी माझ्याकडे पाण्याचा ग्लास सरकवला. माझं तोंड जरा जास्तच पडलेलं दिसलं असावं, कारण विषय बदलायला म्हणून त्यांनी विचारलं, "ती तू आनल्याली कॅसेट. ती कोरी न्हवती व्हय?"

"बासरी होती तात्या."

"आसं हाय व्हय," ते म्हणाले. "मी तिच्यावं शाळंतल्या पोरांच्या कविता भरून घ्यायला देनार हुतो."

शेजारच्या टेबलावरचे दोघे जण आमच्याकडे बघत होते, इतक्या मोठ्याने मी हसले. हसताना रडतही होते, पण भज्यातल्या मिरचीवर ढकलता आलं. मग मी म्हटलं, घरी गेल्यावर टेप परत कोठीवर ठेवू. तात्या लगेच हो म्हणाले नाहीत. "परवाच बाजरी भरलीय," ते म्हणाले. "गच्च हाय. आता उनाळ्यापर्यंत कायबी वाजायचं न्हाई तिच्यात."

आम्ही स्टँडकडे चालू लागलो. वाटेत पत्र्याच्या पेट्या आणि कोठ्या ठोकणाऱ्यांची ओळ लागली. लाकडी हातोड्यांचा एकच कल्लोळ चालला होता, दोन्ही बाजूंनी, रस्ता सुद्धा हादरत होता. माझे कान बंद झाले. तात्या मात्र रमतगमत चालले होते. एका दुकानापुढे नव्या कोऱ्या कोठ्या उलट्या घालून ठेवल्या होत्या. तात्यांनी जाता जाता एकीवर थाप मारली आणि तळवा तसाच तिच्यावर ठेवला. मग दुसरीवर. मग ते वळून माझ्याकडे बघायला लागले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून लिहिता येत नाही. मी त्यांच्याजवळ गेले, तिसऱ्या कोठीवर हात ठेवला आणि ओरडले, "ही बघा. ही जास्त घुमते."

आम्ही तासभर कोठ्या निवडल्या. भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी आणि गिरणीवाला, दोघे मिळून एकेका कोठीवर थापा मारत होतो, पाठ टेकवून बघत होतो. कारागीर आधी हसला, मग कंटाळला, मग त्यालाही नाद लागला आणि तो आतून आणखी कोठ्या काढून आणू लागला. "किती पोत्यांची पाहिजे?" त्याने विचारलं. तात्या म्हणाले, "पोतं न्हाई घालायचं." तो माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "रिकामीच ठेवायची आहे."

एस.टी.च्या दारात कंडक्टरने अडवलं. "ह्यात काय हाय?"

"काय न्हाई," तात्या म्हणाले.

"मग टपावं टाका."

टपावर बांधलेली ती रिकामी कोठी राहुरीपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला घुमत आली. पुढच्या बाकावरची एक म्हातारी दर वेळी वर बघून कपाळाला हात लावत होती. मी तात्यांच्या कानाशी ओरडले, "वाजतीये." त्यांनी बसची भिंत तळव्याने चाचपली, जरा वेळ थांबले आणि मान डोलावली. तेवढ्या प्रवासात मी त्यांना दोन वर्षांत न सांगितलेलं सगळं सांगितलं, भोंगा या नावासकट. सगळ्या गाडीने ते ऐकलं. तात्या म्हणाले, "चांगलं नाव हाय की."

फाट्यावरून बैलगाडीत कोठी घालून आम्ही वाडीत शिरलो तेव्हा गिरणीपुढे माणसं जमली होती. सीडी बघायला. पोरांनी आंघोळी करून घेतल्या होत्या. दगडूमामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, कोठीचं झाकण उघडून आत पाहिलं, आणि इतक्या गंभीरपणे मान हलवली की मला जमिनीत जावंसं वाटलं.

"मोठी हाय गं ताटली," ते म्हणाले.

आईने दारातूनच विचारलं, "आन् ह्यात घालायचं काय?"

"काय नगं घालू," तात्या म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्याकडे त्या कोठीला सीडी म्हणतात. वाडीत अजून म्हणतात. आईने पुढे तात्यांचा डोळा चुकवून तिच्यात कधी शेंगा ठेवल्या, कधी गोधड्या, आणि 'सीडीतली गोधडी काढ' हे वाक्य माझ्या नवऱ्याने लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला होता. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी ती रिकामी होती. ओसरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात आम्ही ती उभी केली. फळीवरचा टेप मी स्वतः काढला, सायकलच्या ट्यूबचे तुकडे काढून टाकले आणि टेप कोठीच्या झाकणावर ठेवला. तात्यांनी हातपाय धुतले, पोतं अंथरलं, पाठ टेकवली. मी वगाची कॅसेट लावली आणि बोट दाबून धरलं. ढोलकी सुरू झाली तशी ती नवी कोठी अशी काही कडाडली की गाणारीचा एक शब्द कळेना. माझ्या मासिकाच्या संपादकांना चक्करच आली असती. तात्यांनी डोळे मिटले. मान हलू लागली.

मी ती मान बघत उभी होते. सकाळी दुकानातही अशीच हलत होती. तिथेही डोळे असेच मिटलेले होते. मला राहवेना. मी हात लांबवला आणि आवाज न करता टेपचं बटण दाबून तो बंद केला.

तात्यांची मान जागच्या जागी थांबली. त्यांनी डोळे उघडले.

"मंगे," ते म्हणाले, "मधीच काय बंद करती? आत्ता कुटं रंगात आलं हुतं."

मी पुन्हा लावला.